‘जाहिरात’ हा शब्द वाचता येईल एवढा छापा

संपादक महोदय,
स. न.

‘पेपरवाले विकले गेले’ हे वाक्य हल्ली सीताबर्डीच्या पानठेल्यापासून महालातल्या वाड्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. राग रास्त आहे, पण तो असा सरसकट राहिला की कुणालाच लागत नाही. चूक कुठे आहे ते वाचकाला पानावर बोट ठेवून सांगता आले पाहिजे.

आधी हिशेब. १६ पानांच्या अंकाला साधारण ७० ग्रॅम कागद लागतो. न्यूजप्रिंट किलोला ५० रुपये धरला तरी नुसता कागदच साडेतीन रुपयांचा. पुढे शाई, प्लेटा, छपाई, पहाटे गठ्ठे पोहोचवणाऱ्या गाड्या, बातमीदारांचे पगार. चार-पाच रुपयांच्या किमतीतून एजंट आणि विक्रेत्याचे कमिशन गेल्यावर हे भागणे शक्यच नाही. म्हणून अंक तोट्यात विकायचा आणि जाहिरातींवर भरून काढायचा. या धंद्यात लपवण्यासारखे काही नाही. जाहिरात बातमीचे कपडे घालून येते, तिथे फसवणूक सुरू होते.

नागपुरात हे सर्वांत जास्त दिसते ते लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून विकायच्या जमिनींच्या बाबतीत. वर्धा रोड, बेसा, हिंगणा भागातल्या प्लॉटांवर मालमत्ता पुरवणीत पाव पान मजकूर येतो. मथळा ‘मिहानमुळे (विमानतळाजवळच्या उद्योग प्रकल्पामुळे) मागणी वाढली’ अशा थाटाचा. लिहिणाऱ्याचे नाव नाही, नुसते ‘वाणिज्य प्रतिनिधी’. एकाच प्रकल्पाचे नाव तीन-चारदा येते, बोलणारा माणूस एकच आणि तोच विकणारा, चित्र संगणकावर रंगवलेले. पाणी कुठून येणार, एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) मंजुरी कुठवर आली, प्लॉटचे रिलीज लेटर (आरएल) मिळाले का, याबद्दल चकार शब्द नाही. त्याच पानावर खाली किंवा दोन दिवसांनी पहिल्या पानावर गुंडाळलेल्या जाहिरातीच्या पानावर (जॅकेटवर) त्याच लेआउटची जाहिरात दिसली, तर वरची ‘बातमी’ कुठल्या खात्यातून आली हे वेगळे सांगायला नको.

वाचकाचे नुकसान कसे होते पाहा. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्याखाली नोंदवलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा (राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळ द्यावेच लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की मंजुऱ्या आणि काम पूर्ण करण्याची तारीख फोनवर दिसते. तोच मजकूर बातमी म्हणून छापला की क्रमांक गेला, कोडही गेला. बिल्डर इथे प्रसिद्धीसोबत कायद्याची अट चुकवण्याचेही पैसे मोजतो, आणि वृत्तपत्र ते घेते. औषधांचेही तेच. मधुमेह, कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. तरी आरोग्याच्या सदरात ‘तज्ज्ञांचा सल्ला’ म्हणून तोच दावा येतो, शेवटी दवाखान्याच्या फोन नंबरासह.

निवडणुकीत काय होते ते महाराष्ट्राने २००९ मध्ये पाहिले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकाच उमेदवाराची स्तुती शब्दन् शब्द सारखी छापून आली. वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर ७१ पानांचा अहवाल लिहिला, पण कौन्सिलने २०१० मध्ये तो काटछाट करून प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला आणि २०११ उजाडले. आता प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. समितीने एखादी बातमी पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली ठरवली, तर त्या बातमीची किंमत उमेदवाराच्या खर्चात धरली जाते. पण ही समिती निवडणुकीपुरतीच. प्लॉट आणि औषधे बारा महिने विकली जातात.

ज्यांना तक्रार करायची आहे त्यांनी अख्खे पान जपावे, नुसते कात्रण नको. नाव, तारीख आणि आवृत्ती दिसली पाहिजे, कारण शहर आणि ग्रामीण आवृत्तीत पाने बदलतात. आधी संपादकांना लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत ठेवावी. प्रेस कौन्सिल ती मागते. दैनिकाविरुद्धची तक्रार मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत कौन्सिलकडे जायला हवी. बहुतेक तक्रारी इथेच अडतात: उत्तराची वाट पाहण्यात मुदत संपते. १९७८ च्या कायद्याने कौन्सिलला ताकीद देता येते, निषेध करता येतो, दंड मात्र करता येत नाही. म्हणूनच खरी जबाबदारी संपादकांवर येते.

आपल्या दैनिकाकडून आमच्या अपेक्षा खर्चाच्या नाहीत. पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर ‘जाहिरात’ हा शब्द मराठीत आणि मजकुराहून मोठ्या टाइपात छापावा. कोपऱ्यातले सहा पॉइंटांचे ‘इम्पॅक्ट फीचर’ सत्तरीच्या वाचकाला दिसत नाही, आणि दिसले तरी त्याचा अर्थ लागत नाही. त्या मजकुराला वेगळा टाइप आणि चौकट द्यावी, ‘प्रतिनिधी’ हा शब्द लावू नये. मालकांच्या इतर व्यवसायांबद्दल बातमी असेल तर तिथेच एका ओळीत तसे लिहावे. कुठेतरी बारीक अक्षरात छापलेल्या मालकीच्या निवेदनातून वाचकाने ते शोधत बसू नये. आणि पहिल्या पानावरच्या चुकीची दुरुस्ती पहिल्याच पानावर यावी, मूळ मथळा आणि तारखेसह.

– एक वाचक, धंतोली, नागपूर