ताई, ती एका शब्दाची दुरुस्ती

ताई, सप्रेम नमस्कार.

परवा जुना कोड निकालात काढत होतो. व्हिज्युअल स्टुडिओचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम लिहायच्या साधनाचं, ॲड-इन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम). ॲड-इन हा प्रकारच २०१५च्या आवृत्तीत बंद झाला, त्यामुळे ठेवून उपयोग नव्हता. पुसता पुसता माझीच कॉमेंट दिसली : ‘ही ओळ ताईंनी सुधारली.’ शेजारच्या पोरानं विचारलं, कोण ताई?

काय सांगणार! शब्द निवडून बटण दाबलं की मदतीच्या पानांत शोध लागला पाहिजे, एवढंच आमचं काम. २००८च्या आवृत्तीत सुरळीत चालायचं. २०१०ला मदत दाखवणारा डॉक्युमेंट एक्सप्लोररच गेला, मदत ब्राउझरात उघडू लागली आणि आमचं बटण मुकं झालं. एका महाशयांना विचारलं, तर ‘जरा हेल्प वाचत जा’ म्हणाले. अहो, हेल्पमध्ये शोधायचं कसं हेच तर विचारत होतो! दुसऱ्यांनी ‘हे लागतं कुणाला?’ म्हणून वाटेला लावलं.

तुम्ही ना नात्यातल्या, ना आमच्या कंपनीतल्या. मित्राकडून पत्ता घेऊन मेल टाकला. शुक्रवारी तुमचं उत्तर आलं, ‘एमएस-एक्सहेल्प’नं सुरू होणारी, मदतीचं पान उघडणारी पत्त्याची ओळ. पान उघडलं, मी खूश. माझ्या लेखी विषय संपला होता.

रविवारी रात्री तुमचा दुसरा मेल. ‘माझं चुकलं. त्या ओळीत मेथड (मदत कशी शोधायची ते) म्हणून मी एफ१ लिहिलं, त्याला नेमका ठरलेला शब्द, कीवर्ड, लागतो. तुम्हाला शोध हवाय, तिथे सर्च लिहा. तुमचा वेळ गेला असेल तर माफ करा.’

मी तक्रारही केली नव्हती हो! सोमवारी दुपारपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नसतं. रविवारी जेवणंबिवणं उरकून तुम्ही परक्या माणसाचं बटण मनात घोळवत बसला होता, याचं मला अजून भरून येतं. ‘चुकलं’ म्हणताना आमच्याकडच्या साहेब लोकांची जीभ जड होते. तीही समोरच्यानं चूक दाखवल्यावर. तुम्ही न विचारता म्हणालात, तेही काल-परवा ओळख झालेल्या माणसाला.

हे सगळं पोराला सांगितलं. तो म्हणाला, ‘मग त्यांना कळवलं का कधी?’

तेव्हा मी ‘थँक्स, चाललं’ एवढ्यावर भागवलं होतं, ताई.

तुमचा,
मुक्या बटणवाला