सुन्याला पत्र, श्टुटगार्टहून

प्रिय सुन्या,

खालच्या मजल्यावरचे आजोबा गेले. रविवारी मी काचेच्या बाटल्या टाकायला निघालो तेव्हा ज्यांनी मला जिन्यात अडवलं होतं, तेच. रविवारी इथे बाटल्या टाकत नाहीत, डब्यात पडताना आवाज होतो. त्या दिवशी तू फोनवर किती हसला होतास.

तुझ्या वहिनीला सगळं सांगून झालं. तिने ऐकलंही, पण ती डोंबिवलीची. सातपूर कॉलनीत आपण दोघांनी मिळून किती जणांना पोचवलं, हे तिला कुठून कळणार? कॉलेजात होतो तेव्हापासून कुणाच्या घरी काही झालं की आधी आपल्यालाच हाक यायची. बांबू तू बघायचास, मी मडकं आणि गोवऱ्या. नानांच्या वेळी पक्याने मडक्याऐवजी माठ उचलून आणला, तोही तोटीचा, आणि नानांची सूनबाई रडता रडता हसली, आठवतं? म्हणून तुलाच लिहितोय.

तब्येती बऱ्या आहेत. थंडीत माझा गुडघा धरतो, तेवढंच. चिऊ शाळेत रमली आहे.

आजोबांशी माझं जमलं होतं रे. इथे कुठला विचारलं आणि भारत म्हटलं की लोक बंगळूर म्हणतात. मी नाशिक म्हटल्यावर ते जिन्यातच थांबले आणि म्हणाले, ‘‘डिझेल!’’ सगळी नोकरी त्यांनी बॉशच्या फॉयरबाखच्या कारखान्यात काढली होती. मी सांगितलं की माझे बाबा बॉशच्याच नाशिकच्या कारखान्यात, मायकोत, नोझलच्या लाइनवर होते. त्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारू लागले. इथे जिन्यात भेटेल त्याला लोक नमस्कार करतात, पण पहिल्या नावाने हाक मारायला वर्षं जातात. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले, बरं झालं तू तिथे गेलास.

तर ते गेले, आणि आम्हाला कळलंसुद्धा नाही. सकाळी ऑफिसला निघालो तर दाराशी एक काळी गाडी उभी होती. रडण्याचा आवाज नाही, दारात चपलांचा ढीग नाही, रस्त्यावर बाकं टाकलेली नाहीत. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या मुलीने जाता जाता सांगितलं. मी तसाच वर येऊन तुझ्या वहिनीला म्हटलं, मुगाची खिचडी टाक. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्यांनीच न्यायचं असतं. तेवढं एकच मला सुचलं.

आजींनी दार उघडलं, अर्धंच. डबा घेतला, आभार मानले, म्हणाल्या, मला आता विश्रांती घ्यायची आहे. आणि दार लागलं. सुन्या, मी त्या दारासमोर उभा होतो आणि मला पाय उचलेना. आत जायचं, बसायचं, काही बोलायचं नाही, त्या बोलल्या तर ऐकायचं, नाही बोलल्या तर नुसतं बसायचं. दुसरं काही आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही ना. मयताच्या घरचं दार बंद असतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशीचं ऐक. या भागात जिना झाडायची पाळी असते. केरवोखं म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकवलेली असते, आणि त्या आठवड्यात जिना, दारापुढचा रस्ता, बर्फ पडला असेल तर बर्फ, सगळं त्या घराकडे. पाटी आजींच्या दाराला होती. सकाळी पाहतो तर त्या गुडघे टेकून जिन्याची पायरी पुसत होत्या. नवरा जाऊन एक दिवस झालेला. मी फडकं मागितलं. त्यांनी दिलं नाही. म्हणाल्या, हा आठवडा माझा आहे. आवाजात राग नव्हता. पण मला असा राग आला, कुणावर ते कळेना. या शहरावर, त्या पाटीवर, इतक्या घरांपैकी एकानेही येऊन ती पाटी काढून आपल्या दाराला लावली नाही त्यावर. आपल्या कॉलनीत कुणी हे होऊ दिलं असतं का? काकूंनी हात धरून बाजूला बसवलं असतं, आणि वर दोन शिव्या दिल्या असत्या.

मग पत्रपेटीत काळ्या किनारीचं कार्ड आलं. दफन दोन आठवड्यांनी. फुलं नकोत, अमुक संस्थेला देणगी द्या. दोन आठवडे, सुन्या! तोवर देह थंड खोलीत. मला जेवण गेलं नाही. बाबांना फोन केला. बाबा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, ‘‘दोन आठवडे? मग त्या बाईने जेवायचं कधी?’’

मला आधी हसू आलं. नंतर लक्षात आलं की माझ्या पोटात जे ढवळत होतं ते हेच. आपल्याकडे देह घरातून निघाल्याशिवाय कुणाच्या पोटात अन्न जात नाही. म्हणून तर सगळी घाई. म्हणून काका लोक ओरडत असतात, उचला, उचला, उन्हं चढली. बायाबापड्या उपाशी असतात, लहान पोरं रडत असतात. दोन आठवडे थांबायचं तर रोज स्वयंपाक करावा लागतो, झोपावं लागतं, जिना पुसावा लागतो. आजींनी ते सगळं केलं.

दफनाला गेलो. जागा वाल्डफ्रीडहोफ, डोंगरावर झाडीत. तिथे चढायला १९२९ सालची एक छोटी रेल्वे आहे, तारेने ओढतात, डबे सागवानी लाकडाचे. गावातले लोक तिला वारसा लाटणाऱ्यांची एक्सप्रेस म्हणतात. हे आजोबांनीच मला सांगितलं होतं, आणि सांगून स्वतः खोकला येईपर्यंत हसले होते. त्याच रेल्वेने त्यांच्यासाठी वर जायचं म्हणजे... जाऊ दे.

सगळे काळ्या कपड्यांत. ऑर्गन वाजला. पाद्रीबाई आजोबांबद्दल बोलल्या. कारखाना, बाग, हट्टी स्वभाव, सगळं. कॉलनीत नानांबद्दल असं उभं राहून कुणी बोललं का रे? आपण फक्त ‘राम नाम सत्य है’ म्हणालो. नानांनी आणीबाणीत काय सोसलं ते मला दहाव्याला, आपल्या गोदेवर, कावळ्याची वाट बघताना कळलं. मग पेटी खाली सोडली. एकेकाने छोट्या फावड्याने माती टाकली. मीही टाकली, बाबांच्या नावाने आणखी एकदा टाकली.

आणि तिथे त्यांचा मुलगा होता. न्यूझीलंडहून आलेला. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाहून. तो पोचावा म्हणूनच तारीख तशी धरली होती. तो आला, झोपला, आईबरोबर बसला, बापाचे कपडे आवरले, बापाचा चेहरा पाहिला, आणि मग मातीला उभा राहिला. त्याचा चेहरा मी बघत होतो. मला त्याचा हेवा वाटला.

आता खरं लिहितो. आईच्या वेळी मी पुण्याहून पहाटे तीनला निघालो. नारायणगाव सोडलं तेव्हा मोठ्या काकांचा पहिला फोन. संगमनेरला दुसरा, ‘‘कुठवर आलास, गुरुजी खोळंबलेत.’’ सिन्नरला तिसरा. तू नसतास तर त्यांनी तिला नेलं असतं. पोरगा आल्याशिवाय उचलायचं नाही असं तू दारात उभा राहून काकांना म्हणालास, हे मला ताईने सांगितलं. तू कधीच बोलला नाहीस. पण मी पोचलो तेव्हा तिला अंघोळ घालून झाली होती, बांधून झालं होतं, चेहरा तेवढा उघडा. माझ्या हातात लगेच मडकं दिलं. जेवायच्या वेळेला आपण अमरधामहून परत. मी आईला नीट पाहिलं कधी? अजून मला तिची आठवण आली की आधी काकांचा फोन वाजतो.

ते पाच तासांचं अंतर होतं. आता इथून फ्रँकफर्टपर्यंत रेल्वेने दीड तास, विमानात आठ-नऊ तास, मुंबईहून नाशिक चार तास. तिकीट लगेच मिळालं, सगळं जुळून आलं, तरी दिवस जातो. नाही जुळलं तर दीड-दोन.

निघायच्या आदल्या रात्री त्र्यंबक रोडच्या टपरीवर तू म्हणालास, ‘‘जा. पण बाबांना खांदा कोण देणार ते ठरवून जा.’’ मी चहा तसाच टाकून उठलो. त्यानंतर कितीतरी दिवस आपण बोललो नाही. ते तू त्या रात्री बोलायला नको होतं, असं मी आजही म्हणेन. चिऊ माझ्या मांडीवर झोपली होती, बॅगा भरलेल्या होत्या, आणि तू ते बोललास. पण प्रश्न खरा होता, आणि उत्तर मला त्या डोंगरावर मिळालं.

मला एक रात्र दे. दोन आठवडे नको, एक रात्र. बाबांना काही झालं तर मी येईपर्यंत थांबव. काचेची शीतपेटी भाड्याने मिळते, कुठे मिळते ते आत्ताच विचारून ठेव. काका म्हणतील रात्रभर ठेवत नाहीत. आत्या म्हणेल असं आपल्यात कधी झालं नाही. त्यांना तोंड देणारा माझ्याकडे तुझ्याशिवाय कुणी नाही. आणि बाबांनी विचारलं तेही सोडव. त्या रात्री घरात सगळ्यांना जेवायला घाल. पिठलं-भाकरी, खिचडी, काहीही. ताईला शुगर आहे, तिला उपाशी बसू देऊ नकोस. कुणी नाक मुरडलं तर सांग, पोराने श्टुटगार्टहून सांगितलंय. पाप मला लागू दे.

इथलं सगळं मला पटलंय असं समजू नकोस. दफनानंतर हॉटेलात कॉफी आणि गोड पाव होता, लोक आजोबांचे किस्से सांगून हसत होते. ते मला पटलं. अमरधामच्या बाहेर आपणही चहा पिताना हसायचो. पण मुलाला मी विचारलं, कबरीवर येत राहशील ना? तो सहज म्हणाला, जागा कराराने आहे, मुदत संपल्यावर कुणी पैसे भरले नाहीत तर दुसऱ्याला देतील. बहुतेक ठिकाणी असंच, पंधरा-पंचवीस वर्षं. आणि जाळलं तर अस्थी घरी आणता येत नाहीत, एक-दोन राज्यं सोडली तर त्या बहुतेक कबरस्तानातच पुरायच्या. परक्या मातीत भाडेकरू होऊन पडायचं! मी तुझ्या वहिनीला त्याच रात्री सांगितलं, माझं काही झालं तर कागदपत्रं लागतील तेवढी कर, पण रामकुंडावर ने. ती चिडली. म्हणाली, झोप आता. आजींचा डबा मात्र घासूनपुसून दाराला लटकवलेला परत आला, सोबत चार ओळींची चिठ्ठी. बोलवलं नाही. मी आता दर शनिवारी त्यांच्यासाठी ब्रेड आणतो आणि बेल वाजवतो. दार हळूहळू जास्त उघडायला लागलंय.

हो, त्याच डोंगरावर रॉबर्ट बॉशची कबर आहे. परत येताना मी शोधून काढली. रात्री बाबांना सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘‘१९०६ साली आठ तासांची पाळी केली त्या माणसाने. माझ्या वतीने हात जोडलेस का?’’ जोडले होते.

पण मुख्य काम राहिलंच. हे सगळं मी ठरवतोय, आणि बाबांना विचारलेलं नाही. मी फोनवर विषय काढला की ते हवा कशी आहे विचारतात. न्यूझीलंडच्या मुलाचं सांगितलं तेव्हा म्हणाले, ‘‘बरं झालं, पोचला.’’ एवढंच. यातून काय समजायचं? तुझ्याशी ते बोलतात. गुरुवारी तू जातोस तेव्हा विचार. सरळ विचार, त्यांना आडवळण आवडत नाही. थांबा म्हणाले तर वर लिहिलंय तसं. नको म्हणाले तर माझ्यासाठी मिनिटभरही थांबायचं नाही. ताई पुढे झाली तर अग्नी ताई देईल, काकांनी कितीही डोळे वटारले तरी. ती नको म्हणाली तर मडकं तू धर. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस.

काय म्हणाले ते मला शब्दाला शब्द कळव.

तुझा,
बंड्या

ता. क. दुकानाचं शटर बसलं का? कुंभमेळ्याच्या कामात रस्ता रुंद करताना तुझी पायरी जाणार म्हणाला होतास, त्याचं काय झालं? मनूच्या दहावीचा निकाल ताईकडून कळला, तिला शाबासकी सांग, तिच्यासाठी रंगपेन्सिली पाठवतोय. तुमच्याकडच्या वहिनींच्या पाठीचं काय? पक्याला हे पत्र दाखवू नकोस, पण तोटीच्या माठाची आठवण काढली होती म्हणून सांग.