कोरडं वाटतंय म्हणालास त्यावरून

प्रिय विजय,

जय ख्रिस्त. तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला, त्याला नुसता अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळं व्हावं असं काही वाटेना म्हणून हे पत्र. रविवारी चर्चला जातो, गीतं म्हणतो, प्रभुभोजन घेतो, पण आतून काहीच हलत नाही, आणि सोमवारी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की येशूची आठवणसुद्धा होत नाही, म्हणजे आपलं कनेक्शनच तुटलं असं तू लिहिलंयस.

पण काही वाटत नाही म्हणजे तुटलंय, हे तुला कोणी सांगितलं रे? कन्व्हेन्शनला मोठा बँड, सगळ्यांचे हात वर, डोळ्यांत पाणी, मलाही आवडतं ते. पण तसं दर मंगळवारी सकाळी डबा भरताना वाटलं पाहिजे असं शास्त्रात कुठेच नाही.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय काढ. पकडून न्यायच्या त्याच रात्री येशू शिष्यांना सांगतो, मी वेल, तुम्ही फाटे, माझ्यामध्ये राहा. तुम्ही पुण्यात ते नुसतं वाचता, आम्ही इकडे द्राक्षबागेत बघतो. आत्ता मे संपत आलाय. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या पार मागे छाटणं, झाली तेव्हा बाग बघवत नव्हती, नुसते खोड आणि ओलांडे, म्हणजे खोडाच्या आडव्या फांद्या, वर रणरणतं ऊन. आता फुटवे आलेत, शेंडे मारायचं काम चालूय, पण एक मणीसुद्धा दिसणार नाही तुला. आणि गंमत म्हणजे पुढच्या सीझनचा घड ह्याच दिवसांत काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथे, तयार होत असतो, छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत, साध्या डोळ्यांना न दिसणारा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो नुसता बाहेर पडतो. ह्या वेळेला काड्यांची गर्दी झाली, डोळ्याला ऊन नीट मिळालं नाही, तर नंतर कितीही खतं-औषधं मारा, घड कमीच निघणार. त्यामुळे तुझ्या ह्या कोरड्या दिवसांना मी वाया गेलेले दिवस म्हणणार नाही. आणि त्याच अध्यायात बाप फळ देणाऱ्या फाट्यालाही साफसूफ करतो असं आहे बरं का, म्हणजे कात्री लागली की आपण नकोसे झालो असं नसतं.

पॅरिसच्या कार्मेलाईट ह्या कॅथलिक पंथाच्या मठात १७ व्या शतकात ब्रदर लॉरेन्स म्हणून एक होते, काम काय तर स्वयंपाकघरातलं, पाय अधू, नंतर चपला दुरुस्त करायला बसवलं. भांड्यांच्या खडखडाटात आणि चार जण हाका मारत असतानाही मी देवाजवळ तेवढाच असतो जेवढा प्रार्थनेत गुडघ्यावर, असं ते सांगायचे. लोक एवढंच उचलतात. पण पहिली जवळपास १० वर्षं आपण आतून फार त्रासात काढली, हेही त्यांनीच सांगितलंय, ते कोणी स्टेटसला ठेवत नाही.

आपल्याकडचंच बघ ना. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला मुंबईत झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षं त्या बाईने काय काढली असतील, आधी नवऱ्यापासून वेगळं राहणं, मग एकत्र आल्यावर एकेक गोष्ट स्वतः तपासून, पटली तरच पुढे जाणं. एका दिवसात काही झालं नाही, आणि जे झालं ते टिकलं.

आता करायचं काय विचारतोस, तर फार काही नाही. सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी एक स्तोत्र वाच. १३ वं घे, सहाच वचनं आहेत, आणि सुरुवातच देवा तू मला किती दिवस विसरणार अशी आहे, म्हणजे तुझीच तक्रार. कोरडं असेल तर कोरडंच बोल त्याच्याशी, गोड भाषा आणायची गरज नाही. सिग्नलला थांबलास की पुढच्या मिटिंगमध्ये जो माणूस डोकं खाणार आहे त्याचं नाव घेऊन प्रार्थना कर. रात्री जेवणानंतर मुलांबरोबर एक गीत, एक प्रार्थना, वहिनी दमल्या असतील तर तू चालव, अवघड नाही. आणि ग्रुपवर रोज वचनाचे फोटो फॉरवर्ड करणं ह्याला प्रार्थना म्हणू नकोस, स्पष्टच सांगतो.

अजून एक आहे, राग येईल तुला, पण मी नाही बोलणार तर कोण बोलणार. येशूने ‘माझ्या प्रीतीत राहा’ म्हटलं आणि लगेच पुढे आज्ञा कोणती दिली, तर एकमेकांवर प्रीती करा. आणि मत्तयाच्या ५ व्या अध्यायात तर, वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी समेट कर, असं आहे. वाटणीनंतर तू आणि दादा बोलत नाही हे सगळ्या मंडळीला माहीत आहे. चूक कोणाची ह्यात मी पडत नाही, तुझा हिस्सा कमी आला हे मलाही दिसतं. कोरडेपणाचं कारण हेच असंही मी म्हणत नाही, ते प्रभूला माहीत. पण वेलीशी जोडून राहायचं आणि शेजारच्या फाट्याशी अबोला धरायचा, हे कसं जमणार सांग मला? जमिनीचा विषय काढू नकोस, नुसती तब्येत विचार, त्याची शुगर वाढलीय असं ऐकलं.

पावसाळ्याआधी दोन दिवस काढून ये इकडे, मुलांनाही आण. दादाला फोन केलास की मला कळव, नाही केलास तरी कळव, म्हणजे परत मागे लागता येईल.

वहिनींना जय ख्रिस्त सांग.

तुझाच,
सुनील