बाबांच्या बीपीबद्दल

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, झोप होते. परवा आवाज बसल्यासारखा वाटला तो फोनमुळे. माझी काळजी नको. बाबांची मला आहे, म्हणून आज जरा लांब लिहितेय.

बाबा, दवाखान्यात बीपी ठीक येतं, मग सिगारेटीनं काय बिघडतंय, असं तुम्ही म्हणालात. पण दवाखान्यात नंबर येईपर्यंत तुम्ही ओढत नाही ना! एका सिगारेटीतल्या निकोटिननं अ‍ॅड्रिनलिन सुटतं, हृदयाकडून रक्त नेणाऱ्या रोहिण्या आवळतात आणि वरचा आकडा काही मिनिटांत १०-२० नं चढू शकतो. अर्ध्या तासात उतरतो, पण दुसरी पेटली की पुन्हा चढतो. हा चढउतार डॉक्टरांच्या कागदावर येतच नाही.

इथं यासाठी एक प्रकार करतात, पाहिल्यावर चक्रावायला होतं. दंडाला पट्टा, कमरेला डबी अडकवून माणसं २४ तास कामाला जातात, बाजारात फिरतात. दिवसा दर २०-३० मिनिटांनी पट्टा आपोआप फुगतो. तेव्हा माणूस बोलता बोलता थांबतो, हात सैल सोडून स्तब्ध उभा राहतो आणि पट्टा उतरला की वाक्य पुरं करतो! कोणी वळूनही बघत नाही. हात हलला तर माप चुकतं, म्हणून हे. रात्री झोपेतही मोजणी चालू, कारण झोपेत बीपी १० टक्के तरी उतरायला हवं. त्या दिवशी अंघोळ नाही. जागेपणीची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर बीपी वाढलेलंच. ही तपासणी आपल्याकडेही होते. बाबा, त्या दिवशी मुद्दाम कमी ओढू नका. नेहमीसारखंच वागा आणि प्रत्येक सिगारेटीची वेळ लिहून ठेवा.

खरं नुकसान आकड्याच्या पलीकडचं आहे. रोहिणीच्या आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यानं ती सैल राहते. वाढलेलं बीपी या अस्तरावर सतत मारा करतं आणि धूर नेमकं तेच नायट्रिक ऑक्साइड संपवतो. दुखावलेल्या जागी कोलेस्टेरॉल आत शिरतं. रक्तातल्या प्लेटलेट्स चिकट होतात, गुठळी लवकर धरते. वर धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, म्हणजे हृदयाला काम जास्त आणि ऑक्सिजन कमी. मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद झाली तर मूत्रपिंडाला वाटतं दाबच कमी पडतोय. ते संप्रेरकं सोडून बीपी आणखी चढवतं. मग गोळ्या वाढत जातात आणि बीपी हटत नाही.

आई म्हणाली, चालताना तुमची पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं. हे वयाचं म्हणून सोडू नका. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याचं ते लक्षण असू शकतं. डॉक्टरांना सांगा, ते घोट्याचं आणि दंडाचं बीपी ताडून बघतील.

दिवसाला दहा सिगारेटींवरून दोनवर आलात, त्यासाठी मनापासून शाबासकी. पण रोहिण्यांचा धोका त्या हिशेबानं उतरत नाही, थोड्या धुरानंही बराचसा उरतो. पूर्ण सोडली तर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. निकोटिनच्या चावायच्या गोळीबद्दल (निकोटिन गम) डॉक्टरांना विचारा. ती साध्या च्युइंगमसारखी सलग चघळायची नाही: हळू चावायची, झणझणलं की गालात धरून ठेवायची, झणझण गेली की पुन्हा चावायची, असं अर्धा तास. आधी पाव तास चहा-कॉफी नको. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड फार होईल. आई, तेव्हा तू वाद घालू नकोस. बीपीच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं कमी करायच्या नाहीत.

पैसे काल पाठवलेत. आधी तपासणी, मग हप्ता. कमी पडले तर सांगा, मला इथं काही अडत नाही, खरंच. स्थळाचा फोटो पाहिला. मी नाही म्हणत नाहीये. रजा मिळाली की भेटेन, एवढं त्यांना कळवा. या खेपेलाही येणं होत नाहीये. तपासणीला बाबांबरोबर मी हवी होते, हे कळतं मला. दादाला न्या, आणि रिपोर्टचा फोटो त्याच दिवशी पाठवायला सांगा, गोळ्यांच्या चिठ्ठीसकट.

तुमची,
छोटी