घरातली मारहाण हा गावचा तंटा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि बांधाचे, पाण्याच्या पाळीचे, भावकीचे वाद गावातच मिटवण्याची सवय लागली. ती चांगलीच आहे. पण त्याच सतरंजीवर नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईला त्याच्यासमोर बसवले जाते, तिथे आमचा तीव्र विरोध आहे. बांधाच्या वादात बैठक उठली की दोघे आपापल्या घरी जाऊन झोपतात. इथे तिला त्याच्याच घरी जायचे असते, आणि चारचौघांत ती जे बोलली त्याचा हिशेब रात्री होतो.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा 2005 चा, त्याचे नियम 2006 चे. न्यायालयाने नेमलेल्या समुपदेशकासमोर मारहाणीचे समर्थन करायला नियमांत मनाई आहे आणि ही गोष्ट मारणाऱ्याला सुरुवातीलाच सांगायची असते. तडजोडही तिची इच्छा असेल तरच. गावच्या बैठकीत मात्र पहिला प्रश्न असतो, "तुझंही काही चुकलं असेल ना?" मग स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या होतात आणि बाई नांदायला जाते. त्या कागदाने तिला कोणतेही संरक्षण मिळत नाही. संरक्षणाचा आदेश दंडाधिकारी देतात. तो मोडणे हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी 77 टक्के बायकांनी कुणाची मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलेही नव्हते. मदत मागणाऱ्या फक्त 14 टक्के. म्हणजे जी आशाताईकडे, पोलीस पाटलांकडे किंवा शेजारणीकडे येते, ती फार मोठा उंबरा ओलांडून आलेली असते. तिचा पहिला तास नीट सांभाळायला हवा.

तिच्याजवळ एक, फार तर दोन माणसे असावीत. दार तिच्या नजरेसमोर राहील असे बसवा, कडी लावू नका. पाणी द्या. सुरुवातीला तीनच गोष्टी विचारा: आत्ता जिवाला धोका वाटतो का, मुले कुठे आहेत, आज रात्री कुठे राहणार? बाकीचे नंतर. सतत धाकात राहिलेल्या माणसाला घटना क्रमाने आठवत नाहीत. ती तारखा चुकते, मधेच हसते, कधी निर्विकारपणे सांगते. ऐकणाऱ्याला वाटते खोटे बोलते आहे. तारीख आठवेना तर "पोळ्याच्या आधी की नंतर?" असे विचारावे, पण आग्रह धरू नये. तिच्याच शब्दांत एकदा लिहून घ्या म्हणजे तीच कहाणी सरपंच, जमादार, वकील अशी दहा जणांपुढे पुन्हा सांगावी लागणार नाही. आणि जखमांचे फोटो कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तासाभरात ते सासरी पोहोचतात.

एक प्रश्न मात्र कधीच वगळू नका: "गळा दाबला होता का?" हे ती आपणहून सांगत नाही, कारण मानेवर खूण असतेच असे नाही. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके, क्षणभर शुद्ध हरपणे, नकळत लघवी होणे, यांतले काहीही असले तर लगेच सरकारी दवाखाना. त्रास काही तासांनी, कधी काही दिवसांनीही वाढू शकतो. गळा दाबणारा पुढे जीव घेण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. दवाखान्यात नवरा शेजारी उभा असेल तर केसपेपरवर "घसरून पडली" असेच येते. म्हणून तपासणीच्या वेळी त्याला बाहेर थांबवा आणि कुणी व कशाने मारले हे नोंदवून घ्या. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली 'दिलासा' केंद्र सुरू झाले ते याचसाठी, की मार खाल्लेली बाई पोलिसांत जाण्याआधी बहुतेकदा दवाखान्यात येते.

या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने घटना अहवाल, म्हणजे डीआयआर, भरायचा असतो. दंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज माहेरच्या तालुक्यातही करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश अर्जातच मागावा. वकील मोफत मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर विचारावे. शेजाऱ्यांनी संरक्षण अधिकाऱ्याला कळवले तरी चालते. सद्भावनेने कळवणाऱ्यावर दावा किंवा खटला होऊ शकत नाही. मात्र जिवावर बेतलेले नसेल तर तिला विचारल्याशिवाय कळवू नये. तिच्या आयुष्याचे निर्णय आजवर दुसऱ्यांनीच घेतलेले असतात.

घर सोडण्याची वेळ सर्वांत धोक्याची. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे दाखले, लग्नपत्रिका आणि दवाखान्याचे कागद यांच्या प्रती विश्वासाच्या घरी आधीच ठेवाव्यात. मोबाइलवरचे लोकेशन बंद आहे का ते पाहावे. "मुलं राहू दे, तू आधी निघ" हा सल्ला देऊ नये; मागे राहिलेली मुले नंतर तिला परत ओढायला वापरली जातात. सखी केंद्रात, म्हणजे हिंसा सोसलेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, साधारण पाच दिवस राहता येते. सहाव्या दिवसाची सोय गावाने, बचत गटाने पहिल्याच दिवशी बोलून ठेवावी.

आणि ती परत गेली तर? पुष्कळजणी जातात: पैसा नसतो, मुले तिकडे असतात, धमक्या असतात. "एवढं केलं आणि ही गेली" म्हणून गावाने पाठ फिरवली, तर पुढच्या वेळी ती येणारच नाही. बचत गटाची बैठक, आशाताईची नेहमीची फेरी हे संशय न येणारे धागे आहेत, ते तुटू देऊ नका. संकटाचा एखादा शब्द ठरवून ठेवा. "पापडाचं पीठ आहे का?" असा फोन आला की शेजारणीने 112 लावायचे, एवढे पुरे.

ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत दोन ठराव घ्यावेत अशी आमची मागणी आहे. कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणात तंटामुक्त समिती दोघांना समोरासमोर बसवणार नाही; बाईला संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवेल. आणि 112, महिला हेल्पलाइन 181 व संरक्षण अधिकाऱ्याचा फोन यांचा फलक चावडीवर लावू नये, तिथे उभे राहून नंबर टिपणारी बाई सगळ्यांना दिसते. तो आरोग्य उपकेंद्रात तपासणीच्या आतल्या खोलीत लावावा.

— समुपदेशनाचे काम करणाऱ्या काही कार्यकर्त्या, सातारा जिल्हा