मराठी सिनेमाखाली मराठी अक्षरं हवीत, सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मागणी एकच आहे म्हणून आधीच सांगून टाकते. सरकारचं अनुदान घेणाऱ्या प्रत्येक मराठी सिनेमाला मराठी सबटायटल सक्तीचं करा, आणि आठवड्यातले निदान काही शो तरी त्या सबटायटलसकट लावायला सांगा.

मी पुण्यात राहते. गेल्या काही महिन्यांत आईला घेऊन बरेच मराठी सिनेमे थिएटरात जाऊन पाहिले. आई सत्तरीच्या पुढची, तरुणपणी अप्पा बळवंत चौकातल्या प्रभातला लागलेला मराठी सिनेमा सहसा न चुकवणारी. आता तिला ऐकू कमी येतं, कानाला मशीन आहे. लोक म्हणतात अहो थिएटरात आवाज केवढा मोठा असतो, तिथे तर ऐकू येईलच की! पण तसं नसतं. वयामुळे कान जातात तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, स, श, त, क असली व्यंजनं पुसट होतात, म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं पण काय बोलतंय ते कळत नाही. त्यात मागे म्युझिक चालू असलं की मशीन तेही मोठं करून कानात ओततं.

मग काय होतं, सगळं थिएटर हसतं आणि आई माझ्याकडे बघते. मी कानाशी लागून सांगते, तोवर पुढचे दोन डायलॉग गेलेले असतात, पुढच्या रांगेतले मागे वळून बघतात, त्यांचंही चूक नाही, पैसे त्यांनीही भरलेत. एका सिनेमात रात्रीच्या सीनमध्ये दारावर थाप पडते आणि नायिका दचकते, आईला थाप ऐकूच आली नाही, ती का दचकली हे तिला घरी येऊन चहा घेताना मी सांगितलं. इंटरव्हलला मी विचारलं कंटाळा आलाय का, निघूया का, तर म्हणाली नको गं, चेहरे बघते की मी.

आणि साहेब, सगळ्यात जास्त टोचतं ते हे की पडद्यावर खाली अक्षरं असतात! बहुतेक मराठी सिनेमांना इंग्लिश सबटायटल असतंच. ते असू दे, अमराठी मित्रमंडळी त्यामुळे आपला सिनेमा बघतात, मला त्याचा आनंदच आहे. पण माझी आई सातवी शिकलेली, रोज सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, तो मराठी पेपर. मराठी सिनेमाच्या खाली जी भाषा येते ती मराठी बाईलाच वाचता येत नाही, हे मला अजून पटत नाही.

हे काम अवघड नाहीये. संवाद टाइप केलेले असतातच, इंग्लिश सबटायटलसाठी कुठलं वाक्य कधी येतं त्याची वेळही बसवलेली असते. आता सिनेमा थिएटरला डिजिटल फाइलींच्या रूपात जातो, सबटायटलची फाइल वेगळी ठेवता येते, एका शोला इंग्लिश लावा, दुसऱ्याला मराठी. फक्त लिहिताना दोन गोष्टी बघा. संवादासोबत ‘दारावर थाप’, ‘लांबून ढोलताशे’ असंही यायला हवं. आणि पात्र मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलत असेल तर तसंच लिहा, प्रमाण मराठीत इस्त्री करून नको.

केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं मार्च 2024 मध्ये याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, ऐकू न येणाऱ्यांसाठी कॅप्शन, न दिसणाऱ्यांसाठी ऑडिओ वर्णन. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तर आहेच. त्या तत्त्वांत कॅप्शन दिसणारे खास चष्मे वगैरे पर्यायही आहेत, ज्यांना जमतं त्यांनी जरूर वापरावेत, पण आईसारख्या माणसाला चष्म्यावर चष्मा चढवून तीन तास बसवणं बरोबर नाही, सरळ पडद्यावर अक्षरं द्या.

राज्याचं म्हणाल तर दोरी तुमच्याच हातात आहे. दर्जेदार मराठी चित्रपटांना अ दर्जा, ब दर्जा ठरवून सरकार अनुदान देतं, त्या अर्जात एक अट वाढवा, मराठी सबटायटलची फाइल जोडली असेल तरच अर्ज घ्यायचा. एक जीआर निघाला की काम सुरू होईल.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांसाठी नाही हो. माझा भाचा इंग्लिश मीडियमला आहे, मराठी फाडफाड बोलतो पण देवनागरी वाचताना अडखळतो. ऐकलेला शब्द त्याच वेळी खाली लिहिलेला दिसला तर वाचन सुधारतं, टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवायचा प्रयोग अहमदाबादच्या आयआयएममधून सुरू झाला, 1999 साली तो गुजराती चित्रगीतांवर झाला आणि नंतर दूरदर्शनच्या चित्रहारपर्यंत गेला. मराठीला ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही घरी पेढे आणले होते, त्या आनंदातूनच ही मागणी करतेय.

शो ठरवताना एवढंच बघा की तो मंगळवारी सकाळी साडेनऊचा नसावा. शनिवार-रविवारी दुपारचा असू दे, म्हणजे मुलं, सुना, नातवंडं सोबत येऊ शकतात. आणि तिकीट बुक करतानाच ‘मराठी सबटायटलसह’ असं सिनेमाच्या नावाखाली लिहिलेलं दिसू दे, काउंटरवर जाऊन विचारायची वेळ येऊ नये.

आपली,
पुण्यातली एक प्रेक्षक