लडाखची जुनी छपरे आणि सिमेंटचा सोस

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत लडाखच्या प्रवासावर आलेला सचित्र लेख आवडीने वाचला. सिंधूकाठच्या गावांचे वर्णन लेखकाने मन लावून केले आहे. मात्र लेखाच्या शेवटी त्यांनी अशी सूचना केली आहे की, सीमेवरचे हे जुने मठ आणि लेहमधील जुनी घरे मातीची असल्यामुळे ढासळत चालली आहेत, तेव्हा सरकारने एकदाच काय तो खर्च करून त्यांची छपरे सिमेंट-काँक्रीटची 'पक्की' करून टाकावीत. सूचनेमागची कळकळ खरी आहे, परंतु ती अमलात आली तर ज्या वास्तूंनी चार-चारशे हिवाळे काढले त्या वीस-पंचवीस वर्षांत खाली बसतील. हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. मी निवृत्त स्थापत्य अभियंता असून 1984 ते 1988 अशी चार वर्षे नोकरीनिमित्त लेह परिसरात होतो, आणि हीच चूक मी तेथे स्वतः करून बसलो आहे.

लेहच्या राजवाड्याखालच्या जुन्या वस्तीतील एक घर आमच्या कार्यालयाने सामान ठेवण्यासाठी भाड्याने घेतले होते. वसंतात बर्फ वितळताना त्याच्या एका कोपऱ्यात पाणी ठिबकले, तेव्हा मी त्या मातीच्या छपरावर दोन इंच जाडीचा काँक्रीटचा थर टाकून घेतला आणि बाहेरच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. वरिष्ठांनी शाबासकी दिली. तिसऱ्या वर्षी त्या भिंतीला पोट आले. गावातला एक म्हातारा गवंडी, ज्याला सगळे 'मेमे-ले' म्हणजे आजोबा म्हणत, त्याला बोलावले. त्याने पहारीने काँक्रीटचा एक कोपरा उचकटला. खालची माती मळलेल्या कणकेसारखी ओली होती, तिच्याखालच्या काटक्या काळ्या पडून बोटांत चुरत होत्या आणि भिंतीत शिरलेल्या वाशाच्या टोकात त्याने खिशातला चाकू खुपसला तेव्हा तो मुठीपर्यंत आत गेला. मोडक्यातोडक्या हिंदीत तो एवढेच म्हणाला, "वरून झाकून टाकलेत साहेब, आता घराचा घाम कुठून जाणार?"

लडाखी छपराची रचना समजून घेतली म्हणजे त्याच्या बोलण्यातले शास्त्र कळते. भिंतींवर पॉपलरचे वासे टाकतात, त्यांवर विलोच्या सोललेल्या काटक्या एकमेकींना खेटून मांडतात, त्यांवर गवताचा थर, मग मातीचे थर, आणि सर्वांत वर 'मरकलक' नावाची बारीक, चिकट माती. लेहमध्ये वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. पहिले थेंब पडताच ही चिकट माती फुगते आणि तिच्या भेगा बुजतात. ऊन आले की ती पुन्हा वाळते. हिवाळ्यातला बर्फ वितळण्यापूर्वीच लाकडी फावड्याने खाली लोटून देतात. उन्हात वाळवलेल्या विटांच्या भिंतीही अशाच आतली वाफ बाहेर सोडतात. याच्यावर सिमेंटचे झाकण घातले की, दिवसाचे कडक ऊन आणि रात्रीची गोठवणारी थंडी यांच्या ओढाताणीत ते तडकते, तड्यातून पाणी आत शिरते आणि आत गेलेल्या पाण्याला परत जायला वाट राहत नाही. शिवाय लेह भूकंपप्रवण क्षेत्रात मोडते, आणि मातीच्या भिंतीच्या डोक्यावर असला ताठ, जड थर ठेवणे हा वेगळाच धोका आहे.

खरे म्हणजे हे मला शिकवायला लेहच्या गवंड्याची गरज पडायला नको होती. मी बार्शीकडच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या वाड्यात वाढलो. तुळया, त्यांवर किलचन म्हणजे फळ्या-काटक्यांचा थर, त्यावर पांढरी माती. दर वर्षी मिरगाच्या आधी गाढवांवरून मातीची पोती यायची, घरची थोरली माणसे वर चढून ती पसरायची, चोपायची आणि पन्हळी साफ करायची. ज्या वर्षी हयगय झाली, त्या वर्षी माजघरात पातेली मांडायची पाळी यायची. हे सगळे डोळ्यांदेखत होत असूनही अभियांत्रिकीची पदवी हाती पडताच मी त्याला अडाणीपणा समजू लागलो, हा दोष मातीचा नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या सीमावर्ती भागात जुन्या वास्तू जपण्याचे जे मोजके काम गेल्या पंचवीस-तीस वर्षांत झाले, ते सिमेंटपासून दूर राहिल्यामुळेच टिकाऊ ठरले, आणि त्याचा उल्लेख लेखात यायला हवा होता. लेखकाने ज्याचे छायाचित्र दिले आहे, त्या बास्गोचेच उदाहरण घेऊ. लेहच्या पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, श्रीनगरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मातकट सुळक्यांवर हे गाव उभे आहे. एके काळी ही खालच्या लडाखची राजधानी होती. तिथल्या पडक्या किल्ल्याच्या कोंदणात मैत्रेयाची, म्हणजे भावी बुद्धाची मंदिरे असून मुख्य मंदिरात दोन मजले उंच मूर्ती आहे आणि भिंतींवर सोळाव्या शतकातील चित्रे आहेत. ही चित्रे मातीच्या कोरड्या गिलाव्यावर डिंक-सरसात कालवलेल्या रंगांनी काढलेली असतात, त्यामुळे पाणी हा त्यांचा पहिला वैरी. मी 1980 च्या दशकात ती पाहिली तेव्हा छपरातून गळलेल्या चिखलाचे तपकिरी ओघळ देवतांच्या चेहऱ्यांवरून थेट जमिनीपर्यंत उतरले होते, आणि खालचा डोंगरही धुपून चालला होता.

जागतिक स्मारक निधी (वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड) या संस्थेने 2000 सालच्या, जगातील शंभर सर्वाधिक धोक्यातील स्थळांच्या यादीत बास्गोचा समावेश केला. त्यानंतर जे काम झाले त्यात मुंबईच्या संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांचा सहभाग होता. मुंबईकर वाचक त्यांना 2016 मध्ये पुन्हा सुरू झालेल्या रॉयल ऑपेरा हाउसच्या जीर्णोद्धारामुळे ओळखतात. पण सोनेरी नक्षी आणि मखमली पडद्यांचे ते काम करणाऱ्या व्यक्तीने साडेतीन हजार मीटरच्या आसपास उंचीवर मातीच्या छपराचाही तितक्याच निगुतीने विचार करावा, याचे मला अधिक कौतुक वाटते. तेथे खरी पुढाकार घेणारी मंडळी मात्र गावकरीच होती. त्यांनी आपली बास्गो कल्याण समिती स्थापन केली, श्रमदान केले, आणि माती, लाकूड, दगड याच साहित्यात, आपल्याच गवंडी-सुतारांच्या हातांनी छपरे आणि भिंती सावरल्या. 2007 साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांतील सर्वोच्च, म्हणजे उत्कृष्टतेचा पुरस्कार या मंदिरांना मिळाला.

लेहच्या जुन्या वस्तीत दुसरा प्रयोग झाला. जर्मन अभ्यासक आंद्रे अलेक्झांडर आणि त्यांच्या पोर्तुगीज सहकारी पिंपिम द आझेवेदो यांनी 1996 मध्ये ल्हासात तिबेट हेरिटेज फंड ही संस्था काढली होती. 2000 मध्ये तेथून बाहेर पडावे लागल्यावर काही वर्षांतच त्यांनी लेहकडे मोर्चा वळवला. राजवाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यामुळे त्याची काही ना काही काळजी घेतली जाते. पण त्याच्या पायथ्याची सामान्यांची घरे कोणाच्याच खिजगणतीत नव्हती. या मंडळींनी घरमालकांना खर्चात वाटा उचलायला लावला, गल्ल्यांतले सांडपाणी आधी बंदिस्त केले आणि मग एकेका घराच्या छपराला हात घातला. क्रम लक्षात घ्यावा, आधी गटार आणि मग छप्पर. कारण मातीच्या भिंतीला वरच्या पाण्याइतकेच पायाशी मुरणारे पाणी मारते, आणि नळ आल्यापासून ते पाणी वाढले आहे. अलेक्झांडर 2012 मध्ये अकाली गेले, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेले स्थानिक गवंडी आणि सुतार मागे राहिले. राजवाड्याला लागूनच असलेले मुन्शी घराण्याचे घर आणि त्याशेजारचे घर ब्रिटिश वास्तुविशारद जॉन हॅरिसन यांच्या मार्गदर्शनाखाली उभे राहिले, ते आज कला आणि माध्यमांचे केंद्र म्हणून वापरात आहे. वापरातले घर टिकते, कारण त्याच्या छपरावर कोणीतरी रोज चढत असते.

सीमाभाग म्हटला की आपल्याकडे रस्ते, पूल आणि छावण्या एवढेच बांधकाम डोळ्यांपुढे येते, आणि मीही त्याच कामासाठी तेथे गेलो होतो. पण 1947-48 च्या युद्धापूर्वी लेह, कारगिल आणि स्कर्दू हा एकच कारभाराचा मुलूख होता, आणि सुतारांची हत्यारे व घडणावळ त्या मुलखात सर्वत्र सारखी होती. नियंत्रण रेषा मध्ये आल्यावर ती ये-जा थांबली. तरीही रेषेपलीकडे हुंझातल्या बाल्टिट किल्ल्याला 2004 साली आणि स्कर्दूजवळच्या शिगर किल्ल्याला 2006 साली युनेस्कोचा हाच सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि पुढच्याच वर्षी रेषेच्या अलीकडे असलेल्या बास्गोला. दोन्हीकडच्या वास्तुविशारदांनी एकमेकांचे तोंड न पाहता एकच पद्धत निवडली: जुने लाकूड शक्य तिथे जागेवरच ठेवायचे, सडलेला तेवढाच भाग बदलायचा आणि मातीला मातीच जोडायची.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गैरलागू नाही. 5 ऑगस्ट 2010 च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. पावसाचे मान बदलत असताना शंभर मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेले छप्पर पुरे पडेल का? माझे म्हणणे असे की, त्या रात्रीची मोठी हानी नाल्यांतून आलेल्या चिखलाच्या लोंढ्यांनी केली, आणि त्या लोंढ्यांनी सिमेंटच्या इमारतींनाही सोडले नाही. छपरांचा प्रश्न मात्र खराच आहे. त्यावर उतार वाढवणे, पन्हळी लांब काढणे, वरचा थर अधिक जाड करणे असे उपाय आहेत. काही वास्तुविशारद मातीच्या दोन थरांमध्ये आधुनिक जलरोधक पडदाही घालतात. त्या पडद्याविषयी मला स्वतःला शंका आहे, कारण माझ्या काँक्रीटने जे केले तेच तोही करू शकतो, पण निदान तो काढता येतो, आणि वास्तूला इजा न करता मागे घेता येणारी दुरुस्ती ही या क्षेत्रातली पहिली अट आहे.

अडचण तंत्राची नसून कारभाराची आहे. आमच्या वेळच्या दरसूचीत सिमेंटच्या गिलाव्याला दर होता, मरकलकच्या लिंपणाला नव्हता. ज्या कामाला दर नाही त्याची निविदा निघत नाही, आणि निविदा निघाली तरी सर्वांत कमी दराचा कंत्राटदार खालून येणार, जून ते सप्टेंबरच्या तुटपुंज्या हंगामात काम उरकून जाणार. मातीच्या छपराला एकदाच मोठा खर्च नको असतो, दर वर्षी थोडा लागतो. आपल्या अंदाजपत्रकांना नेमके हेच जमत नाही. 31 ऑक्टोबर 2019 पासून लडाख केंद्रशासित प्रदेश झाल्यावर बांधकामाचा निधी वाढला आहे. त्यातला थोडा हिस्सा मठांच्या आणि जुन्या वस्त्यांच्या वार्षिक देखभालीसाठी, गावसमितीच्या हाती आणि गवंड्याच्या पूर्ण रोजाने खर्च व्हावा, अशी मागणी आपल्या दैनिकाने लावून धरली तर तिचा काही उपयोग होईल. तेथील तरुण सैन्यात किंवा पर्यटनात जातात. गवंडीकामाला टॅक्सीइतका पैसा मिळत नसेल तर मेमे-लेंचा नातू चाकू घेऊन छपरावर कशाला चढेल?

2018 साली सपत्नीक लेहला गेलो होतो, तेव्हा ते भाड्याचे घर शोधले. त्या जागी दोन मोटारी उभ्या होत्या. शेजारचे घर, ज्याला आम्ही हात लावला नव्हता, ते उभे होते आणि त्याच्या छपरावर जर्दाळू वाळत घातले होते.

जाता जाता एक दुरुस्ती सुचवतो. लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'बास्गोचे कोसळलेले मंदिर' असा मजकूर छापला आहे. चित्रात उजवीकडे दिसणारे पडके बुरूज जुन्या किल्ल्याच्या तटबंदीचे आहेत. मंदिर त्यांच्या मागे, पांढऱ्या-तांबड्या भिंतींचे, सपाट छपराचे आहे आणि ते धडधाकट आहे. पुढील अंकात ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, सोलापूर